'चालत नाही' म्हणजे नेमकं कुणाला?

माझी भाची तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात मी तिला 'मिस मार्व्हल'चा पहिला खंड घेऊन दिला. जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईबापाची, सोळा वर्षांची कमला खान. पोरीने तो दोन दिवसांत संपवला, डिक्शनरी शेजारी ठेवून. मग दुसरा, तिसरा. शेवटी तिने विचारलं, "मामू, हिचा या महिन्याचा अंक कुठे मिळेल?" मी म्हणालो, या महिन्यात अंक नाही. "मग पुढच्या?" पुढच्याही नाही. तिची नियमित मासिक मालिका २०२१ मध्येच संपली.

हे मी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर सहज लिहिलं, तर दहा मिनिटांत दोन उत्तरं आली. पहिलं, "मुस्लिम हिरो चालत नाही यार, मार्केट आहे." दुसरं, "चालू देत नाहीत. साजिश आहे." दोन्ही उत्तरं देणारे माझे जिवलग दोस्त आहेत आणि दोघांनीही तिचा एकही अंक विकत घेतलेला नाही. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी 'चालत नाही'वाल्यांकडे येतो. हे वाक्य काही आमच्या ग्रुपवर जन्मलेलं नाही. २०१७ साली मार्व्हलच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष डेव्हिड गॅब्रिएल एका मुलाखतीत म्हणाले की, लोकांना आता आणखी विविधता नको, स्त्री-पात्रं नकोत, असं आम्ही दुकानदारांकडून ऐकलं. मग ओरड झाली, खुलासाही आला की नवे नायक-नायिका वाचकांना आवडतात आणि त्या कुठे जाणार नाहीत. पण खुलासे कोण लक्षात ठेवतं? लोकांच्या डोक्यात पहिलंच वाक्य बसलं. त्यातला एक शब्द मात्र सगळ्यांनी वाचून सोडून दिला: दुकानदार. वाचक नव्हे.

अमेरिकेतला कॉमिक्सचा धंदा आपल्या वर्तमानपत्राच्या स्टॉलसारखा चालत नाही. आपला पेपरवाला उरलेले अंक परत करतो, त्याचं फारसं काही जात नाही. पूर्वी तिकडेही तसंच होतं. १९७०च्या दशकात फिल स्यूलिंग नावाच्या माणसाने प्रकाशकांशी नवा सौदा ठरवला: दुकानदाराला जास्त सवलत मिळेल, पण माल परत न घेण्याच्या बोलीवर. त्या सौद्यावर खास कॉमिक्सची दुकानं उभी राहिली आणि तोट्यात चाललेला धंदा वाचला, हे मान्यच करायला हवं. पण त्या दिवसापासून न विकलेल्या प्रत्येक अंकाचा भुर्दंड दुकानदाराच्या खिशावर पडू लागला. दोन-तीन महिने आधी कॅटलॉग येतो. अंक अजून कुणी पाहिलेला नसतो, कधी कधी तो पुरता काढूनही झालेला नसतो. त्या वेळी दुकानदाराने आकडा भरायचा. बॅटमॅनचा आकडा तो डोळे मिटून भरतो, कारण मागच्या महिन्यात किती गेले हे त्याला ठाऊक असतं. नव्या किंवा कमी माहीत असलेल्या नायकाचा आकडा तो घाबरत भरतो. पहिला अंक वाचकाच्या हाती पडतो तोवर दुसऱ्या-तिसऱ्या अंकाची मागणी बहुतेक नोंदवून झालेली असते. म्हणजे पहिला अंक वाचून कुणी नाचलं तरी त्याचा परिणाम पुढच्या दोन अंकांवर फारसा होत नाही. आणि या मागणीलाच 'विक्री' म्हणतात. बातम्यांत दर महिन्याला जे आकडे छापून येत, ते दुकानांनी मागवलेल्या प्रतींचे अंदाज असत. मालिका ठेवायची की मारायची, याचा मोठा आधार तोच.

त्यात आणखी एक गंमत आहे. क्रमांक एकच्या अंकाला मागणी नेहमी जास्त असते, संग्राहक घेतात, निरनिराळी मुखपृष्ठं निघतात. दुसऱ्या अंकाला ती कोसळते आणि मग दर महिन्याला थोडी थोडी गळत जाते. हे मोठ्या नायकांचंही होतं. पण उंच डोंगरावरून घसरणारा आणि टेकडीवरून घसरणारा यात आधी जमिनीला कोण लागणार? यावर प्रकाशकांनी शोधलेला उपाय म्हणजे पुन्हा क्रमांक एकपासून सुरू करायचं. कमलाची मालिका फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये 'सीक्रेट वॉर्स' नावाचा मोठा मेळा भरला, त्यासाठी ती १९व्या अंकावर थांबवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा क्रमांक एक. दुकानाच्या फळीवर उभ्या असलेल्या नव्या वाचकाने कुठला क्रमांक एक उचलायचा? 'स्क्विरल गर्ल'च्या मंडळींनी तर आपल्या नव्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरच यंदाचा हा आमचा फक्त दुसराच पहिला अंक, अशा अर्थाची थट्टा छापली होती.

तरीही कमला चालली. 'चालत नाही'वाल्यांनी हे दोनदा वाचावं. जी. विलो विल्सन या मुस्लिम लेखिकेने दोन्ही मालिका मिळून १९ आणि ३८ असे ५७ अंक लिहिले, २०१९पर्यंत. पहिल्या खंडाला २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांवर मुस्लिमद्वेष्ट्या जाहिराती लागल्या, तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर कमलाची चित्रं चिकटवली. ती टिकली कशी? मासिक अंकांनी जेवढं तारलं त्याहून जास्त जाड खंडांनी तारलं. पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पुस्तक, जे साध्या पुस्तकाच्या दुकानात मिळतं, शाळेच्या ग्रंथालयात जातं, ऑनलाइन मागवता येतं. 'स्क्विरल गर्ल' याच वाटेने आपल्या दुसऱ्या मालिकेत ५० अंकांपर्यंत पोचली, 'मून गर्ल' ४७ अंकांपर्यंत. दोघींना २०१५च्या आधी फारसं कोण ओळखत होतं? चार डॉलरचा वीस-बावीस पानी अंक घ्यायला दर बुधवारी ठराविक दुकानात जाणारा माणूस बहुतेक वेळा वयाने मोठा, जुना गिऱ्हाईक. तेरा वर्षांची मुलगी तिथे जात नाही. अमेरिकेतलीही नाही आणि कोंढव्यातली तर नाहीच. तिला पुस्तक लागतं. तिचं मत मोजलं जातं ते वर्षभराने. मालिकेच्या जगण्यामरण्याचा फैसला त्याच्या खूप आधी झालेला असतो.

आता साजिशवाल्यांकडे वळतो. हायमी रेयेस नावाचा पोरगा घ्या. टेक्सासमधल्या एल पासोचा, मेक्सिकन कुटुंबातला, 'ब्लू बीटल'. त्याचा आणि आपल्या कौमचा काही संबंध नाही. २००६ मध्ये त्याची मालिका सुरू झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये बॅटमॅनच्या नव्या कार्टूनच्या पहिल्याच भागात तो झळकला, लाखो पोरांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. आणि २००९च्या सुरुवातीला, ३६व्या अंकावर, त्याची मालिका बंद! पुढे २०११ आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरुवात झाली, दोन्ही दोन वर्षांच्या आतबाहेर आटोपल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा चित्रपट आला, त्यानंतर नवी मालिका, दहा अंकांत समाप्त. कमलाचंही असंच झालं. जून २०२२ मध्ये तिची टीव्ही मालिका आली. जगातल्या सगळ्यात जास्त लोकांना ती कळली त्या महिन्यात तिच्या नावाची नियमित मासिक मालिका चालूच नव्हती.

हा शुद्ध भेदभाव असता तर एका अर्थाने सोपं झालं असतं, निषेधाचं पत्रक काढून मोकळे झालो असतो. पूर्वग्रह नाही असं मी म्हणत नाही. घाबरत आकडा भरणाऱ्या दुकानदाराच्या मनात 'ही माझ्या गिऱ्हाइकाला चालेल का' हा प्रश्न येतो, तेव्हा तिचं नाव खान असणं त्या भीतीत भर घालत असणारच. पण हे यंत्र असं बनलंय की त्यात कुणी दुष्ट नसला तरी लहान नायक मरतो. दुष्ट माणूस शोधत बसलं की यंत्राकडे बोट दाखवायचं राहून जातं.

आणि मालिका नसण्याची किंमत काय असते, तेही पाहा. स्वतःची मालिका म्हणजे स्वतःचं घर. घर गेलं की नायक दुसऱ्यांकडे पाहुणा होतो आणि पाहुण्याचं काय करायचं हे यजमान ठरवतो. मे २०२३ मध्ये कमला मेली, ती स्पायडरमॅनच्या मासिकात, त्याच्या कथेत. त्याला दुःख व्हावं म्हणून. दोन-तीन महिन्यांत तिला परत जिवंत केलं ते एक्स-मेनच्या सोहळ्यात, आता ती म्युटंट आहे असं सांगून. त्यानंतर चार अंकांची एक मालिका, २०२४ मध्ये चार अंकांची आणखी एक. मर्यादित मालिका बंद पडत नाही, ती मुळात संपण्यासाठीच काढलेली असते. त्यामुळे कुणालाही काही बंद केल्याचं पाप लागत नाही. हुशारी म्हणतात ती ही.

आपल्याकडे एक वेगळी रीत होती आणि ती मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. आपल्या आधीच्या पिढीने मराठीतून वेताळ वाचला तो तिथेच. त्यात १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर आणला. वेताळ आणि मँड्रेकपुढे बहादूर कोण? कुणीच नाही. पण त्याच्या नावाचं वेगळं मासिक नव्हतं. इंद्रजाल एकच, त्यात आज वेताळ, उद्या मँड्रेक, परवा बहादूर. गिऱ्हाईक इंद्रजाल घेत होतं, बहादूर त्यातून घरात शिरत होता. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडेपर्यंत तो टिकला. अनोळखी नायकाला पहिल्या दिवसापासून स्वतःचं भाडं स्वतः भर, असं कुणी सांगितलं नाही. अमेरिकेच्या दुकानात नेमकं तेच सांगितलं जातं.

राहिलो आपण. आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. कमलाबद्दल मी आपल्या लोकांकडून ऐकलेली पहिली तक्रार होती, ती हिजाब का घालत नाही. दुसरी, तिची मैत्रीण नाकिया हिजाब का घालते. भाऊ आमिर इतका दाढीवाला का. मशिदीत बायकांची जागा वेगळी, पडद्याआड का, यावर त्या दोघी शेख अब्दुल्लांशी वाद घालतात, हे कशाला दाखवलं. बॅटमॅनला कुणी विचारत नाही की तू सगळ्या ख्रिश्चनांचा प्रतिनिधी आहेस का, कारण त्याची एका महिन्यात चार-पाच मासिकं निघतात, एकात आवडला नाही तर दुसऱ्यात आवडतो. कमलाचं एकच, म्हणून जगातल्या प्रत्येक मुसलमानाने आपली तक्रार त्या एका अंकावर ठेवली. पुढे शेख अब्दुल्ला तिला न रागावता, हे करणारच असशील तर एक चांगला गुरू शोध, असं सांगतात. तो प्रसंग तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वाचलेलाच नाही. २०१६ च्या एका अंकात कमलाच्या घरातलं मागच्या पिढीचं एक जोडपं फाळणीत मुंबई सोडून कराचीला जातं. मुंबई! माझ्या ओळखीच्या एकाही मुंबईकराला हे माहीत नव्हतं.

मी स्वतः पहिले १९ अंक फुकट स्कॅनवर वाचले. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ स्टेटसला ठेवलं, सगळ्यांनी हृदयं पाठवली. सातवा अंक कुणी स्टेटसला ठेवत नाही. त्या यंत्राच्या कुठल्याच आकड्यात मी नव्हतो. खंड विकत घेतला तो भाचीसाठी, म्हणजे बऱ्याच वर्षांनी.

आमच्या मोहल्ल्यात एक अभ्यासिका आहे. मी समितीला सांगितलं की कमलाचे पहिले पाच खंड घेऊ. एक जुने सदस्य म्हणाले, "बेटा, आपल्याकडे कॉमिक चालत नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या." मी विचारलं, "चाचा, आपण कधी ठेवलंय का?" नाही. ठेवलं नाही, म्हणून कुणी नेलं नाही. कुणी नेलं नाही, म्हणून चालत नाही. मी माझे तीन खंड तिथल्या कपाटात ठेवले आणि एक रजिस्टर शेजारी टांगलं. मुली नेतायत, दोन मुलगेही नेतायत, एकाने दुसरा खंड चहा सांडून परत आणला. समितीची पुढची बैठक ईदनंतर आहे. रजिस्टर घेऊन जातोय.