तयार स्मोकर घ्यावा का?

अमेरिकेतल्या बार्बेक्यूचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची पोरं आता बॅरल स्मोकर मागू लागली आहेत. बकरी ईदच्या आधी आमच्याही घरात हाच विषय चालू आहे. भाचा म्हणतो, "मामू, चार घरांत वर्गणी काढू आणि तयार घेऊ." मेहुण्याचं म्हणणं, भंगारातला ड्रम आणून वेल्डरकडून करून घेऊ, पाव किमतीत होईल. माझं मत दोघांनाही रुचलेलं नाही. शहरातल्या फ्लॅटसाठी हा प्रकार घेऊच नये, आणि घ्यायचाच असेल तर तयारच घ्यावा.

वस्तू तशी साधी. उभा लोखंडी ड्रम, तळाशी कोळशाची टोपली, खालच्या बाजूला हवेसाठी छोटं भोक, वर घट्ट झाकण आणि झाकणाखाली आडव्या सळ्या. सळ्यांना आकडे अडकवून मांस टांगायचं. हवा बेताचीच मिळत असल्याने कोळसा भडकत नाही, तासन्‌तास धुमसत राहतो. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते आणि तिचा धूर परत मांसालाच लागतो. तंदूर पाहिलेल्या माणसाला यात फार नवल वाटू नये. फरक आहे तो वेगाचा. तंदूर चारशे अंशांच्या आसपास तापतो आणि काम मिनिटांत उरकतो. ड्रम मात्र ११० ते १३५ अंशांवर धरून ठेवावा लागतो.

मेहुण्याच्या बेताला माझा ठाम विरोध आहे. २०० लिटरचा ड्रम भंगारवाल्याकडे सहज मिळतो, पण त्यात आधी काय भरलेलं होतं हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. रंग, सॉल्व्हंट, कीटकनाशक, काहीही असू शकतं. आत वाफ साचलेली असेल तर कापताना ठिणगीने ड्रम फुटतो. अनेक ड्रमना आतून इपॉक्सीचा थर असतो, तो जाळून आणि घासून काढावा लागतो. जस्ताचा मुलामा असेल तर तापल्यावर त्याचा धूर विषारी. कसायाकडे मांस हलाल आहे ना, हे आपण दोनदा विचारतो. कुरआनात हलालच्या जोडीला तय्यब हा शब्दही येतो, म्हणजे स्वच्छ, चांगलं. ज्या ड्रममध्ये ते मांस दोन-चार तास लटकणार त्याची चौकशी नको? तयार स्मोकर महाग आहे, एका बऱ्या बोकडाची किंमत त्यात जाते, पण निदान तो अन्नासाठी बनवलेला असतो.

आता भाच्याकडे वळतो. बाळा, त्यात शिजवणार काय? टेक्सासमध्ये हा सगळा खटाटोप होतो तो मुख्यतः ब्रिस्केटसाठी. बैल-गाईच्या छातीचा पाच-सहा किलोचा तो तुकडा इतका चिवट असतो की त्यातलं कोलॅजन विरघळून मऊ व्हायला दहा-बारा तास मंद आच लागते. वरच्या चरबीमुळे तो एवढ्या वेळात कोरडा पडत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्या पद्धतीतला दुसरा लाडका तुकडा डुकराच्या खांद्याचा, तो आपल्या दस्तरखानावर येणार नाही. म्हशीचं मांस कायद्याने चालतं, पण त्याला चरबी कमी, आणि आपल्याकडचे कसाई चरबीसकट अख्खी छाती काढून देत नाहीत, त्यांचा हात सालनाच्या तुकड्यांवर बसलेला. राहता राहिले बोकड आणि कोंबडी. बोकडाची अख्खी मांडी, आमच्या बोलीत रान, दीड-दोन किलोची. दोन-अडीच तासांत होते, आणि पुढे ताणली तर चामड्यासारखी होते. कोंबडी त्याहून लवकर. म्हणजे दहा तास धुमसण्यासाठी बनवलेली वस्तू घेऊन आपण तिच्याकडून अडीच तासांचं काम करून घेणार.

जागेचा प्रश्न मात्र अवघड आहे. भाचा इथे चिडतो. गच्चीवर ३१ डिसेंबरला तंदुरी चालते, हुरडा पार्टी चालते, मग आपणच का अंग चोरायचं? त्याचा राग मला कळतो. भाड्याने घर शोधताना "नॉनव्हेज खाता का" हा प्रश्न, आणि त्याआधी नाव ऐकून पडलेला दलालाचा चेहरा, त्यानेही पाहिला आहे. स्मोकर नको म्हणणं त्याला आणखी एक माघार वाटते. पण मला ही माघार वाटत नाही. दरवर्षी आम्ही गच्चीवर अंगीठी पेटवतो, अर्ध्या-पाऊण तासात सीख कबाब आटोपतात, खाणाऱ्या शेजाऱ्यांकडे ताटं जातात, आजवर कुणी ब्र काढलेला नाही. काढला असता तरी मी अंगीठी बंद केली नसती. तासन्‌तास चरबीचा धूर सोडणं ही गोष्ट वेगळी. वरच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे. त्यांच्या मुलाने गच्चीवर असा ड्रम मांडला असता तर मीही जाऊन बोललो असतो. आणि पावसात आडोसा म्हणून कुणी तो बाल्कनीत ओढला, तर बंद जागेत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याला ना वास, ना रंग.

आमच्या ताईच्या गावी मोठं अंगण आहे. चारी घरं मिळून तिथे ठेवणार असतील तर माझी वर्गणी तयार आहे. पण आठवणीने झाकणाची फट तपासून घ्यावी. ते घट्ट बसलं नाही तर हवा शिरते, कोळसा भडकतो आणि आच हातात राहत नाही. वर पत्र्याची शेडही लागेल, बकरी ईद सध्या पावसाच्या तोंडावर येते.

यंदा मात्र रान पातेल्यातच होईल. रात्रभर दही, आलं-लसूण आणि थोडी कच्ची पपई लावून ठेवायची. झाकणाला कणकेची वळी लावून मंद आचेवर दम द्यायचा. शेवटी मधोमध वाटी ठेवून तीत लालभडक निखारा, त्यावर चमचाभर साजूक तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटं उघडायचं नाही.