निशाणामागचा इतिहास

पेशवाईत मोहिमेवर निघालेल्या फौजेचा जरीपटका हत्तीवर फडकत असे. त्यात मिरवण्याची हौस थोडी, गरज मोठी होती. धुळीने कोंदलेल्या रणात हुकूम कानी पडणे कठीण. सरदार कोठे आहे हे निशाण पाहूनच शिपायाला उमगे. ते दिसेनासे झाले की धीर सुटे. शत्रूचा नेमही अर्थातच त्याच्यावरच असे. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या आणि असे उघडे दिसणे जीवघेणे ठरले. १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लेंग्ज नेक येथे ब्रिटिश पलटणीने आपले निशाण शेवटचे लढाईत नेले. त्यानंतर ते संचलनापुरते उरले.

इतिहासलेखन मात्र अजूनही निशाणामागूनच चालते. राजूरच्या डोंगराळ मुलखात इंग्रजांशी झुंजलेले राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्यात फासावर गेले. कडेकपारीत लढणाऱ्याचे बळ न दिसण्यात असते. हत्तीवरचे निशाण त्याला परवडणारे नव्हे. तेवढ्यावरून त्याचे शौर्य दुय्यम ठरते काय? निशाणाला मुजरा अवश्य करावा. परंतु ज्यांच्यापुढे निशाण चालले नाही, त्यांचे ऋणही विद्यार्थ्यांना वर्गात सांगितले गेले पाहिजे.