स्वच्छतामंत्री

मागच्या दिवाळीत गावी गेलो. बहिणीचा पोरगा चौथीत आहे. उड्या मारत आला. "मामा, मी मंत्री झालो!"

छाती फुगली. आमच्या घराण्यात ग्रामपंचायतीचा शिपाई कुणी झाला नाही, आणि हा एकदम मंत्री! विचारलं, खातं कुठलं रे?

"स्वच्छता."

शाळेचं बालमंत्रिमंडळ ते. मुख्यमंत्री सरपंचाच्या भावकीतला. अभ्यासमंत्री दुकानदाराचा. क्रीडामंत्री पाटलाचा नातू. स्वच्छतामंत्री आमचा. हाताखाली दोन उपमंत्री, तेही आमच्याच वस्तीतले. खातेवाटप गुरुजींनी केलं. गुरुजींना त्यासाठी मनुस्मृती उघडावी लागली नाही. गाव तोंडपाठ असलं की पुरतं. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं कागदावरनं गेली, गावाच्या डोक्यातनं नाही.

मंत्रिमहोदयांचं खातं बघायला गेलो. शाळेमागं नवा संडास. कोरडा. इकोसॅन म्हणतात त्याला. कुठल्याशा संस्थेनं पैसे दिले, फीत कापली, फोटो काढले, गेले. तालुका दुष्काळी. उन्हाळ्यात टँकर. जुन्या संडासाला पाणी नाही म्हणून कुलूप, म्हणून हा बिनपाण्याचा.

दोस्तहो, आधी एक कबूल करतो. ह्या संडासात डोकं आहे. भांडं असं, की लघवी पुढच्या भोकातनं वेगळी जाते, मैला मागच्या भोकातनं खालच्या बंद कप्प्यात पडतो. धुवायला बाजूला तिसरी जागा, कारण धुण्याचं पाणीही आत जाता कामा नये. दर वेळी वरनं मूठभर राख. राखेनं ओल मरते, वास मरतो. कप्पे दोन. एक भरला की तो बंद, दुसरा सुरू. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली ह्याचे नियम छापले. उष्ण हवेत बंद कप्प्यातला मैला वर्षाहून जास्त काळ पडून राहिला पाहिजे, कारण जंताची अंडी चिवट असतात, लवकर मरत नाहीत. मग आत उरते ती भुसभुशीत माती. लघवी बंद डब्यात सहा महिने ठेवली की तीही पिकाला चालते.

मी गोदीत काम करतो. खताचं जहाज धक्क्याला लागलं की आमची टोळी पाळीभर त्या धुळीत असते. ह्या देशाला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरनं येतं. नत्र, स्फुरद, पालाश : जे आम्ही परदेशातनं आलेलं उतरवतो, तेच माणसाच्या अंगातनं रोज फुकट बाहेर पडतं. तेव्हा मैल्यात काय दडलंय ते आम्हाला शिकवू नका. मराठीत त्याला जुनं नावच आहे. सोनखत. सोनं शेताच्या मालकाला, खत आमच्या नखात. एका शब्दात अख्खा गावगाडा बसलाय.

ह्या शाळेत काय झालं ते ऐका. दुसऱ्या कप्प्याचे पैसे म्हणे संपले. कुणाच्या खिशात संपले ते गाव सांगत नाही. कप्पा एकच बांधला. सहा वर्षांचं पोर भोक बघून बसतं काय? त्याला कुणी शिकवलं नाही. लघवी मागं, धुण्याचं पाणी आत. राख अपुरी. गावात गॅस आला, चुली विझल्या. राहिल्या त्या आमच्या वस्तीत, कारण सिलिंडर पुन्हा भरायला पैसा नाही. म्हणजे राखही आमची आणि मंत्रीही आमचा.

संक्रांतीला बहिणीचा फोन आला. रडत होती. कप्पा तोंडापर्यंत भरला होता. गुरुजींनी निरोप धाडला तो सरळ वस्तीवर. सरपंचाच्या आळीला निरोप गेला नाही. वस्तीतली दोन माणसं फावडं घेऊन आली. आत माती नव्हती, लगदा होता, अळ्या होत्या. हातमोजा नाही. आणि घमेलं धरायला मंत्री. चौथीतला मंत्री! "पोरगं दोन दिस जेवलं न्हाई रं दादा. हात हुंगतंय सारखं."

कायदा काय म्हणतो? माणसाकडनं मैला काढून घेण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख ध्यानात ठेवा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. मैला पूर्ण कुजण्याआधी ज्यातनं तो माणसाच्या हातानं काढावा लागतो, तो संडास कायद्यानं अस्वच्छ. तिथं माणूस लावणारा गुन्हेगार. पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यातही हे काम दलिताकडनं करून घेणं गुन्हा आहे. तेव्हा सगळा खेळ 'कुजण्याआधी' ह्या शब्दावर आहे. वर्षभर थांबलात तर खत. सात महिन्यांत दार उघडलंत तर गुन्हा. दोहोंमधला फरक एका कप्प्याचा, चार विटांच्या भिंतीचा. ती भिंत ज्यानं खाल्ली, त्यानं आमच्या पोराच्या हातात घमेलं दिलं.

हे एका गावाचं म्हणू नका. २०२२ साली तामिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत अनुसूचित जातीच्या पोरांकडनं संडास धुऊन घेतले जात होते. एका पोराला डेंग्यू झाला, घरच्यांनी खोदून विचारलं, तेव्हा बाहेर आलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. २०२३ च्या डिसेंबरात कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या निवासी शाळेत दलित पोरं मैल्याच्या टाकीत उतरवली. त्या शाळांचे संडास कोरडे नव्हते. संडास कुठलाही असो, हजेरीपटातनं नेमकी आमचीच नावं कशी निघतात?

शहरातले पर्यावरणवाले म्हणतात, जातीचा चष्मा काढा, श्रमाला प्रतिष्ठा द्या. प्रतिष्ठेची ही पेटी जुनी आहे. १९३६ साली गांधींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा ते लिहिलं. १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी ह्या गोडव्याची साल काढली. ज्याला घाणीत ढकललं, त्यालाच घाणीचं मोठेपण सांगायचं, ही त्याची थट्टा आहे.

अप्पा पटवर्धनांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना हसणार नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून त्यांनी अन्न सोडलं. सवर्णाला ते काम द्यायला तुरुंग तयार नव्हता. माणूस सच्चा होता. पण बघा, त्यांना मागून मिळत नव्हतं, आम्हाला न मागता मिळतं. हाच तर जातीचा हिशेब. गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हातात धरला, आदर्श खराटेवाला कसा असावा ते दुसऱ्याला सांगितलं नाही. सरकारनं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. नाव बाबांचं, खराटा पुन्हा आमच्या हातात.

आता जरा आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ द्या. मुंबईत आपण जयंतीला निळा फेटा बांधून नाचतो. पण पालिकेच्या चाळीतल्या मेहतराच्या, वाल्मिकीच्या, रुखीच्या घरचा चहा आपल्यातल्या किती जणांनी प्यायलाय? "ते काम आपलं नाही, त्यांचं," असं आपल्याच तोंडातनं निघतं. च्यायला, हेच तर गुरुजी म्हणाले! फक्त एक पायरी वरनं. भाच्यासाठी माझं रक्त उसळलं. गटारात गुदमरून मेलेल्यासाठी उसळलं होतं काय? नव्हतं. हे मी माझ्याबद्दल लिहितोय. तुम्ही तुमचं बघा.

म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेमागं जा. नाक दाबू नका. आणि हे मागा :

१. दुसरा कप्पा नसेल तर संडास सुरू करायचा नाही. कप्पा बंद केल्याची तारीख दारावर रंगानं लिहायची. वर्ष उलटल्याशिवाय दार उघडायचं नाही.

२. दार मोठ्या माणसानं उघडायचं, पोरानं कधीच नाही. बूट, मोजे, मजुरी ग्रामपंचायतीची. पाळी सगळ्या गावाची. यादीत पहिलं नाव सरपंचाचं, दुसरं गुरुजींचं.

३. भांडं धुवायला पगारी माणूस, आणि तो जात बघून नेमायचा नाही. पोरांनी फक्त राखेचा डबा भरायचा, तोही हजेरीपटाच्या क्रमानं, मुख्यमंत्र्यासकट.

४. लहान पोरांना कसं बसायचं, कुठं धुवायचं ते जून महिन्यात गुरुजींनी स्वतः शिकवायचं. अर्धी घाण तिथंच टळते.

५. ज्याला सोनखत हवं, त्यानं फावडं घेऊन यावं.

हे कबूल नसेल तर असला संडास आमच्या पोरांच्या शाळेत नको.

मी गेलो. गुरुजींना कायद्याचं कलम वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही शहरात राहून गावात भांडणं लावता." दुसऱ्या दिवशी संडासाला कुलूप लागलं. दुसऱ्या कप्प्याचं नाव कुणी काढत नाही. पोरं पुन्हा ओढ्याला जातात. पोरींचे हाल आहेत, त्यात आमच्याही पोरी आहेत. हा विजय म्हणून सांगत नाही. कुलूप फोडायचंय, पण आमच्या पोराच्या हातात घमेलं न देता.

परवा भाच्याचा फोन आला.

"मामा, मी राजीनामा दिला."

"शाब्बास! मग आता मंत्री कोण?"

"कुणीच घेईना. खातं रिकामंच हाय."

जय भीम.