पिवळी गोळी

अंगावर काही उठले की त्याचे खापर 'उष्णते'च्या माथी फोडून सब्जाचे पाणी प्यावयास लागणे हा आपल्याकडील इतका जुना परिपाठ आहे, की आठवड्यापूर्वी पोटात गेलेल्या गोळीकडे संशयाने पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्यातून औषधाचे तांबडे पुरळ पुष्कळदा औषध सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी, क्वचित् ते बंद झाल्यावरही, उमटते, आणि तोवर गोळीचे विस्मरण झालेले असते.

परंतु एक प्रकार असा आहे, की ज्याचा पुरावा शरीरावरच राहतो. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ब्रोक यांनी १८९४ साली ज्याचे 'स्थिर' असे नामकरण केले तो हा चट्टा, तेच औषध पुन्हा घेतल्यास नेमक्या त्याच जागी काही तासांत जळजळू लागतो आणि ओसरताना राखी-काळसर डाग ठेवून जातो. कारण पहिल्या वेळी तेथे धावून आलेल्या संरक्षक पेशींपैकी काही त्या जागीच ठाण मांडून बसलेल्या असतात. ओठ आणि गुह्यभाग ही त्याची विशेष आवडीची स्थाने असल्यामुळे कित्येक निरपराध गृहस्थांना घरच्यांच्या भलत्याच वहिमास तोंड द्यावे लागते, हे जाता जाता नमूद केलेले बरे.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मामलेदार, ज्यांना तालुक्यातील कोणता बांध कोणी कोणत्या साली सरकवला हे आजही मुखोद्गत आहे, त्यांच्या मनगटावर असा चट्टा दर पावसाळ्यात उठे. पोट बिघडे, कोपऱ्यावरच्या दुकानातून पट्टीतल्या दोन गोळ्या कापून आणल्या जात, आणि चट्टा मात्र दमट हवेच्या खाती जमा होई. डॉक्टरांनी औषधाचे नाव विचारले, तेव्हा कागदावाचून कोणाचा शब्द न मानणाऱ्या या गृहस्थांची जबानी 'पिवळी गोळी' एवढ्यावरच आटोपली. आणि जुलाबाच्या एकाच गोळीत दोन औषधे असणे आपल्याकडे नित्याचे असल्याने गुन्हेगार हुडकणे अधिकच दुष्कर झाले.

चट्टा बहुधा नुसता त्रास देतो. पण सल्फा, फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन, युरिक आम्लावरील अ‍ॅलोप्युरिनॉल अशा औषधांनी क्वचित् जो विकार जडतो, आणि स्टीव्हन्स व जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली दोन मुलांवरून ज्याचे वर्णन केले, त्यात ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड सोलवटते आणि कातडी सुटू लागते. तेथे औषध थांबवून रुग्णालय गाठण्यास एका रात्रीचा विलंबही प्राणावर बेतू शकतो. बचावलेल्याने ते औषध जन्मात पुन्हा घ्यावयाचे नसते, आणि एकच औषध बाजारात अनेक नावांनी वावरत असल्यामुळे, वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ नावच त्याच्या उपयोगी पडते.

अशा प्रकरणांची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून २०१० पासून औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचे मुख्य दप्तर गाझियाबादेस असून रुग्ण स्वतःही तेथे निःशुल्क दूरध्वनीवरून कैफियत मांडू शकतो. औषधाचे नाव तेथेही विचारतातच, आणि 'पिवळी गोळी' या उत्तरावर गाझियाबादकरांनाही काही करता येत नाही.