पाय हलला, म्हणजे काय झालं?

पालघर जिल्ह्यात पाठीच्या कण्याला मार बसण्याच्या तऱ्हा ओळखीच्या आहेत. ताडावरून पडलेला ताडी काढणारा, तारापूर एमआयडीसीत परांचीवरून कोसळलेला कंत्राटी कामगार, मनोरजवळ महामार्गावर उडालेला दुचाकीस्वार. शस्त्रक्रिया होते, पेशंट घरी येतो आणि काही आठवड्यांनी एखाद्या रात्री त्याचा लुळा पाय आपोआप झटका देऊन हलतो. घरचे हरखतात. मग कुणी मालिशवाल्याचा पत्ता देतं, कुणी महागडं चूर्ण आणून देतं.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे निरोप पोचवणारी नुसती वायर, अशी आपली समजूत असते. १९११ मध्ये थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांनी ती खोटी ठरवली. मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडल्या, तरी मागच्या पायांचे स्नायू चालीच्या लयीत आळीपाळीने आखडत राहिले. म्हणजे लय मज्जारज्जूतच होती. तिथल्या चेतापेशींचा एक गट पाय दुमडतो, दुसरा ताठ करतो. एक जोरात असताना दुसऱ्याला दाबून ठेवतो. तो थकला की दुसरा उसळतो. (मान कापलेली कोंबडी चार पावलं पळते, तीही मेंदूशिवायच.)

तारपा नाच पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. तारपा वाजवणारा सूर बदलतो तशी रांगेची पावलं बदलतात, पण तो कुणाचा पाय धरून उचलत नाही. मेंदूही हुकूम देतो, वेग आणि तोल सांभाळतो. माणसात मात्र त्याचा वाटा मांजरापेक्षा बराच मोठा आहे.

म्हणूनच आपोआप हललेला पाय हा मेंदूचा निरोप पोचल्याचा पुरावा नव्हे. वरचा लगाम सुटला की खालच्या चेतापेशी स्वतःहून उसळतात. पेशंटने ठरवून अंगठा हलवला, तर ती खरी बातमी. त्या दिवशी डॉक्टरांना जरूर कळवावं.

पण या पेशी शिकतातही. मज्जारज्जू तुटलेल्या ज्या मांजरांना ट्रेडमिलवर चालवण्याचा सराव दिला, ती चालू लागली. ज्यांना नुसतं उभं राहायला शिकवलं, ती उभं राहायला शिकली, चालणं त्यांना नीट जमलं नाही. माणसात इजा पूर्ण असेल तर केवळ सरावाने चालता येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत छातीखाली लुळा पडलेला एक तरुण स्वतःचं वजन पेलत उभा राहिला, पण त्यासाठी मज्जारज्जूला विजेची उत्तेजना द्यावी लागली आणि त्याआधी कित्येक महिने सराव झाला होता. इजा अर्धवट असेल, तर सरावाने पुष्कळ मिळवता येतं.

आपल्याकडे सगळा पैसा शस्त्रक्रियेवर संपतो आणि फिजिओथेरपी ‘जमलं तर’ या खात्यात जाते. हे मला चुकीचं वाटतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण बोईसरहून चर्चगेटच शंभर किलोमीटरच्या आसपास. व्हीलचेअरवरच्या माणसाला आठवड्यातून तीनदा डहाणू लोकलमध्ये चढवायचं कुणी, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? वजन पेलणारे पट्टे, समांतर दांड्या आणि रोज हजर असणारा फिजिओथेरपिस्ट एवढं पालघर-बोईसर पट्ट्यातच मिळायला हवं. तारापूरच्या कारखान्यांनी खर्चाचा वाटा उचलावा. परांचीवर चढणारे कामगार त्यांचेच आहेत.