‘चक्र’मधला बेनवा आणि आपली मुले

अमेरिकेत वाढणारी आपली मुले बाराव्या-तेराव्या वर्षीच गुन्हेगारीच्या कादंबऱ्या वाचू लागतात आणि त्या त्यांच्या हाती बहुधा शाळाच देते, ही गोष्ट पुष्कळ पालकांना रुचत नाही. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही 1967 सालची कादंबरी येथील असंख्य शाळांतून वाचली जाते. आईबापांविना राहणारे तीन भाऊ, दोन टोळ्यांचे वैर, चाकूने झालेला खून, आणि हे सारे सांगणारा चौदा वर्षांचा पोरगा. वॉल्टर डीन मायर्स यांच्या ‘मॉन्स्टर’मध्ये (1999) तर हार्लेमचा सोळा वर्षांचा मुलगा खुनाच्या खटल्यातील आरोपी म्हणून तुरुंगात बसून आपली हकीकत पटकथेच्या रूपाने लिहितो. ‘वस्तीतून आपण बाहेर पडलो ते मुलांनी पुन्हा वस्तीच वाचावी म्हणून काय?’ असे स्टेट कॉलेजमधील एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे मत मात्र उलट आहे. मुलांनी ही पुस्तके वाचावीत आणि त्यांच्या जोडीला जयवंत दळवी यांची ‘चक्र’ही वाचावी.

दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांच्या टोप्या उडविणारा हाच लेखक 1963 मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीवर इतके निष्ठुर पुस्तक लिहितो, याचे आम्हांस आजही नवल वाटते. अम्मा आणि तिचा वयात येणारा मुलगा बेनवा हे या कादंबरीतले घर. अम्माला डोक्यावर धड छप्पर हवे आहे आणि बेनवाला आपल्यासारखे कोण व्हायचे याचा नमुना हवा आहे. वस्तीत असा नमुना एकच सापडतो, तो म्हणजे लुक्का दादा. रवींद्र धर्मराज यांनी 1981 मध्ये यावर हिंदी चित्रपट काढला. त्याला लोकार्नोच्या महोत्सवात सुवर्ण बिबळ्या मिळाला आणि स्मिता पाटील यांना अम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. चित्रपटातला लुक्का गुप्तरोगाने पोखरला जातो आणि औषधापायी औषधविक्रेत्याचा जीव घेतो. वैद्यकाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा प्रसंग गुन्हा म्हणून दिसत नाही. उपदंशावर पेनिसिलीन लागू पडते हे 1943 पासून ठाऊक आहे. म्हणजे रोगावर इलाज होता. वस्ती आणि इलाज यांच्यामध्ये रस्ता नव्हता.

दळवींची नजर प्रामाणिक आहे, तरी ती बाहेरची आहे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. त्यांच्या वस्तीत जो तो फिरून त्याच गर्तेत पडतो, नावच ‘चक्र’. त्याच 1963 साली बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. भूक, दारू, मारहाण त्यांच्याही कथांत आहेच; परंतु ही गर्ता कोणी खणली हे त्यांची माणसे ओळखून असतात, म्हणून ती चिडतात. दळवींचा बेनवा चिडत नाही, तो वाहत जातो.

येथे एका दुसऱ्या मुलाची आठवण करून देणे आम्हांस आवश्यक वाटते. धनंजय कीर यांच्या चरित्रात ती हकीकत आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ती वाचलेली आहे. आई लहानपणीच वारलेली, वडिलांनी दुसरे लग्न केलेले, सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून मनात अढी बसलेली. साताऱ्याचा हा मुलगा मुंबईच्या गिरणीत पळून जाण्याचे ठरवितो आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरू पाहतो. तीन रात्री हात रिकामा राहतो. चौथ्या रात्री पिशवी हाती येते, तर आत अवघा अर्धा आणा! तो मुलगा भीमराव होता. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांत सांगत नाही, जणू त्याने थोरवीला उणेपणा येतो. आम्हांस तर चरित्रातले हे पान सर्वांत मोलाचे वाटते. परळच्या एका खोलीत पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासाला बसविणारे, पुस्तकांसाठी लेकींकडे उसने पैसे मागणारे रामजी सुभेदार त्या मुलापाशी होते. पुढे केळुसकर गुरुजी भेटले. बेनवाला लुक्का भेटला. दोघांच्या वृत्तीत काय अंतर होते ते कोण सांगणार? पाठीशी कोण उभे होते, एवढे मात्र दोन्हीकडे स्पष्ट दिसते.

हे सारे दूरच्या मुंबईचे आहे असेही कोणी समजू नये. आमच्या या शांत खोऱ्यात, बेलफोंटच्या वाटेवर, रॉकव्ह्यूच्या जुन्या तुरुंगालगत 2013 मध्ये बेनर टाउनशिपचा नवा तुरुंग उघडला. किशोरवयातील गुन्ह्यासाठी आजन्म, सुटकेची आशा नसलेली कैद भोगणारे सर्वाधिक कैदी एके काळी याच पेनसिल्व्हेनिया राज्यात होते, सुमारे पाचशे. अशी शिक्षा सक्तीची करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरविले आणि 2016 मध्ये तो निर्णय जुन्या कैद्यांनाही लागू केला. त्या विचारात मेंदूविज्ञानाचा वाटा होता: आवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. शास्त्राला हे उशिरा कळले. कादंबरीकारांना ते आधीच दिसले होते.

आपल्या सुस्थित घरांतही बापाची दारू, आईचे मौन, मुलाचे खोलीत कोंडून घेणे नसते काय? ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते झाकले जाते. आपल्या घराबद्दल तोंड न उघडणारा मुलगा बेनवाबद्दल मात्र तासभर बोलतो, असा आमचा अनुभव आहे.

मराठी न वाचणाऱ्या मुलांसाठी ‘चक्र’चा गौरी देशपांडे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे. बागुलांच्या संग्रहाचा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद 2018 मध्ये आला. तेराव्या वर्षी ‘द आउटसायडर्स’ पुरे. ‘चक्र’ सोळा-सतराच्या आत देऊ नये, त्यातील स्त्रीपुरुषसंबंधांचे वर्णन उघडे आहे; आणि द्यावयाचे तर आधी आईवडिलांनी स्वतः वाचून मगच द्यावे.