हिशोबाच्या वहीतून : चाकांवरच्या घराचा दर्शनी भाग

आपल्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, भाचे आता अमेरिकेत स्थिरावले आहेत आणि नोकरी सांभाळून एखादी भाड्याची मिळकत घ्यावी, ही घरची सवय त्यांनी तेथेही सोडलेली नाही. माझ्या भाच्याने टेक्सासमध्ये घेतलेली मिळकत मात्र आपल्या कल्पनेतली नव्हती. ते होते एक जुने ‘मोबाइल होम’.

हे घर कारखान्यात पोलादी सांगाड्यावर तयार होते, चाकांवरून ओढून आणले जाते आणि एकदा ठोकळ्यांवर टेकविले की सहसा पुन्हा हलत नाही. १५ जून १९७६ पासून अशा घरांना तेथील केंद्र सरकारचे बांधकामाचे निकष लागू झाले. त्यानंतरच्या घरांना कायद्याच्या भाषेत ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात, बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकून आहे. खालची जमीन पुष्कळदा पार्कच्या मालकाची असते. तिचे भाडे, घर रिकामे असले तरी, महिन्याच्या महिन्याला भरावे लागते.

मी बहिणीकडे मुक्कामाला गेलो तेव्हा ते घर दोन महिने रिकामे होते. अपेक्षित भाडे ९०० डॉलर, जागेचे भाडे ४०० डॉलर. म्हणजे १८०० आले नव्हते आणि ८०० खिशातून गेले होते. लोक गाडीतूनच घर पाहत आणि न उतरता निघून जात. बाहेरून सजविण्यासाठी भाच्याने १५०० डॉलर बाजूला ठेवले होते. पुढे लाकडी ओसरी आणि भिंतींना गडद निळा रंग, असा त्याचा बेत होता.

भिंती फिक्या विनाइलच्या होत्या. विनाइलला मूळ छटेपेक्षा गडद रंग दिला की ते अधिक ऊन शोषते आणि वाकते. टेक्सासच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. शिवाय रंग बदलायचा तर पार्कच्या कार्यालयाची संमती लागते. रंगाचा बेत तेथेच बारगळला. साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि नळी एवढ्यावर दोन सकाळींत भिंती उजळल्या. जोरदार फवाऱ्याचे यंत्र आणले असते तर पाणी पट्ट्यांच्या फटींतून आत शिरले असते. शेजारचे घर पत्र्याचे होते. त्यावर हात फिरवला की पांढरी भुकटी लागे. ती धुऊन न काढता वर रंग चढविला तर पोपडे धरतात, हे तेथील रंगाऱ्यानेच सांगितले. आणि घर १९७८ पूर्वीचे असेल तर जुन्या रंगात शिसे असू शकते. लहान मुलांच्या घरात ते खरवडणे हा खेळ नव्हे.

आता मुख्य गोष्ट. घराच्या तळाभोवती जमिनीपर्यंत जी झालर लावतात, तिला ‘स्कर्टिंग’ म्हणतात. ती तुटकी असली की सारे घर ओंगळ दिसते. १४ बाय ६६ फुटांच्या या घराचा घेर १६० फूट. भाच्याला ती त्याच रविवारी बसवून टाकायची होती. बँकेत असताना एकदा रंगविलेल्या दर्शनी भिंतीवर भुलून गोदामाचा तपासणी अहवाल मी चांगला लिहिला होता, आणि पहिल्याच पावसात मागील भिंत खचली. तेव्हापासून झाकण्याआधी आत डोकावायची सवय लागली आहे. मी म्हणालो, “अरे, बंद करण्याआधी एकदा खाली बॅटरी मारून बघ.”

“मामा, तिथे कोण पाहायला जाणार आहे?” तो हसून म्हणाला. पण गेला. नळाच्या जोडातून पाणी ठिबकत होते आणि न्हाणीघराखालची फळी भुसभुशीत झाली होती. नवी झालर लागली असती तर ती ओल वर्षभर कोणाला दिसली नसती, आणि एके दिवशी भाडेकरूचा पाय आत गेला असता.

प्लंबर, फळी मिळून ४५० डॉलर गेले. ओसरीचे स्वप्न मावळले. भाचा दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलत होता. उरलेल्या पैशांत झालरीचे केवळ फुटलेले भाग बदलले. नव्या घरांच्या नियमात दर १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट हवेची जागा सांगितली आहे. त्या मापाने ९२४ चौरस फुटांना सहा चौरस फुटांहून थोड्या अधिक जाळ्या हव्यात, तेवढ्या ठेवल्या. डुगडुगणाऱ्या पायऱ्या काढून भक्कम कठड्यासह नव्या बसविल्या. दाराला रंग, दिवा, ठळक आकड्यांची पाटी आणि पायवाटेवर खडी. एकूण १४२० डॉलर.

पुढच्याच आठवड्यात लहान मुलाला घेऊन एक बाई आल्या. या वेळी गाडीतून उतरल्या. भिंतींकडे त्यांनी फारसे पाहिलेही नाही. कठडा धरून दोनदा हलवून पाहिला आणि मग मुलाला वर चढू दिले. करार त्याच संध्याकाळी झाला.

करापुरते एक सांगतो. तेथेही आपल्यासारखाच महसुली आणि भांडवली खर्चाचा भेद आहे: दुरुस्ती त्याच वर्षी वजा होते, सुधारणेचा घसारा साधारणपणे साडेसत्तावीस वर्षांत विभागला जातो. धुणे, रंग, नळाची दुरुस्ती यांबद्दल शंका नाही. पायऱ्या मात्र कोणत्या रकान्यात टाकायच्या, यावर भाच्याची आणि त्याच्या सी.पी.ए.ची बोलणी अजून चालू आहेत.